माल परक्या गोदामात ठेवण्याआधी

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. इंदूरच्या रामबागेतल्या घराची पुढची खोली भरली, माडी भरली, आता देवघराशेजारच्या बोळातही पुस्तकांच्या थप्प्या लागल्या आणि ताईला अंग चोरून चालावं लागतं. अशात देवास नाक्याकडच्या एका कंपनीचा माणूस सांगून गेला, की सगळा माल आमच्या गोदामात द्या. ऑर्डर आली की आम्हीच काढू, बांधू, पाठवू. ही योजना नव्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी आखलेली आहे. तू विकतेस त्या जुन्या पुस्तकांचं गणित वेगळं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझा माल कुठून येतो ते आधी बघ. होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात मराठी घरं वसली आणि त्यांच्याबरोबर पुस्तकांची कपाटं आली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरलं: १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष. आता त्या घरांतली नातवंडं हिंदी-इंग्रजीत शिकून बाहेरगावी गेली. जुनं घर पाडायची वेळ आली की कपाट रिकामं होतं, आणि पुस्तकं खजूरी बाजारात तरी जातात नाहीतर रद्दीच्या तराजूवर. तू ती मधेच अडवतेस आणि पुण्या-कोल्हापूरच्या वाचकापर्यंत पोचवतेस. हे काम टिकलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गोदाम कसं चालतं? आत येणाऱ्या प्रत्येक जातीच्या वस्तूला एक क्रमांक मिळतो, त्याला ते एसकेयू म्हणतात. नव्या कादंबरीच्या पाचशे प्रतींना मिळून एकच क्रमांक आणि एकच फळी. कामगाराने त्यातली कुठलीही प्रत उचलली तरी चालते. तुझ्याकडच्या पाचशे पुस्तकांना मात्र पाचशे क्रमांक लागतील. एकावर लेखकाची सही, दुसऱ्याची शिवण सैल, तिसऱ्यातली चार पानं गायब. एकाच कादंबरीची पहिली आवृत्ती आणि पाचवी आवृत्ती शेजारी ठेवली, तर घाईत उचलणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्या आवृत्तीचे पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला पाचवी गेली, की ते गिऱ्हाईक गेलंच.

जगातले मोठे जुने-पुस्तकवाले काय करतात ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधली वर्ल्ड ऑफ बुक्स, अमेरिकेतली थ्रिफ्टबुक्स, किंवा नोत्रदाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००२ साली काढलेली बेटर वर्ल्ड बुक्स, या सगळ्या आपली निवडणी आपल्याच गोदामात करतात. जुन्या कपड्यांच्या थ्रेडअपनेही स्वतःची केंद्रं उभारली आणि पुढे तीच व्यवस्था दुसऱ्या ब्रँडांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. कुठलं पुस्तक ठेवायचं, कुठल्या प्रतीला किती किंमत, दोष कुठला सांगायचा, हे सगळं निवडणीच्या टेबलावर ठरतं. तो धंद्याचा गाभा असल्यामुळे त्यांनी तो हातचा सोडला नाही. विक्रेत्यांचा माल आपल्या गोदामात ठेवून पाठवण्याची ॲमेझॉनची सेवा २००६ सालची. तिचा खरा फायदा एकसारख्या मालाच्या विक्रेत्याला होतो.

म्हणून साठवण आणि पाठवणी यांचा विचार वेगवेगळा कर. पाठवणी खुशाल दुसऱ्याला दे. ती मराठी पुस्तकवाल्यांनी पूर्वीपासून पोस्टावरच सोपवलेली आहे. व्ही. पी. ची (व्हॅल्यू पेएबल पोस्टाची) सोय आपल्या देशात १८७७ साली आली, आणि गावोगावच्या वाचकांनी दारात पैसे देऊन पुस्तकं सोडवून घेतली. व्ही. पी. परत आली की जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्या बोकांडी बसायचा. आजच्या कॅश ऑन डिलिव्हरीत तेच होतं, फक्त त्याला आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात. आगाऊ पैसे भरणाऱ्याला थोडी सूट दे आणि अनोळखी गिऱ्हाइकाची महागडी ऑर्डर आगाऊ पैशांशिवाय पाठवू नकोस.

पोस्टाची रजिस्टर्ड प्रिंटेड बुक्स ही स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा पुस्तकवाल्यांचे हाल झाले. मग १ मे २०२५ पासून ज्ञानपोस्ट सुरू झालं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. माल जमिनीवरच्या वाहतुकीने जातो, त्यामुळे दिवस जास्त लागतात, पण माग काढता येतो. अट अशी, की त्यात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकंच चालतात आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेली प्रकाशनं त्यात बसत नाहीत. म्हणजे दिवाळी अंक बाहेर. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून मराठी दिवाळी अंकांची परंपरा आहे आणि त्यांच्या संग्राहकांची मागणी चांगली असते, पण त्यांचा पाठवणी खर्च वेगळा धर. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा जुन्या दरांवर बांधलेल्या किमती एकदा तपासून घे. गोदामवाला मात्र बहुधा आपल्या ठरलेल्या कुरिअरनेच माल पाठवेल. ज्ञानपोस्टाने पाठवायला तो तयार आहे का, हे पहिल्याच भेटीत विचार. तयार नसेल, तर शंभर-दीडशेच्या पुस्तकात तुझ्या हाती काही उरणार नाही.

तू पितळी दिवे आणि जुने टेबल लॅम्पही घ्यायला लागलीस, तिथे वेगळा फास आहे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५००० ने भागायचं. नऊशे ग्रॅमचा दिवा ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातला की त्याचं वजन तीन किलो धरलं जातं. पुस्तक आटोपशीर आणि जड असल्याने त्याला हा भुर्दंड पडत नाही. गोदामात खोकं निवडणारा माणूस हाताला येईल ते घेतो आणि बिल तुझ्या नावावर फाटतं. नाजूक, वेड्यावाकड्या आकाराच्या वस्तू घरीच बांध.

आता साठवणीचं बिल. माल आत घेण्याचे पैसे, फळीचं महिन्याचं भाडं, प्रत्येक ऑर्डर काढण्या-बांधण्याचे, खोकं-टेपचे, परत आलेला माल पुन्हा लावण्याचे, आणि या सगळ्यांवर महिन्याची किमान रक्कम. नवा माल महिन्या-दोन महिन्यांत हलतो म्हणून त्याला भाडं जाणवत नाही. जुनं पुस्तक आपल्या वाचकाची वाट बघत दोन-दोन वर्षं बसतं. समजण्यापुरता हिशेब मांड: ६० रुपयांना घेतलेलं पुस्तक २०० ला विकायचं आहे आणि फळीत त्याच्या वाट्याला महिन्याला ४ रुपये भाडं येतं. दोन वर्षांत ९६ रुपये गेले, हातात ४४ राहिले. त्यातूनच बांधणी, खोकं, ऑनलाइन मंचाचं कमिशन. माझ्या मते इथेच बहुतेक पुस्तकांचा निकाल लागतो.

गोदाम बघायला जाशील तर भर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात सगळीच गोदामं कोरडी दिसतात. फळ्या भिंतीला चिकटून आहेत का, खालचा कप्पा जमिनीपासून किती वर आहे, पत्र्याखाली पाणी ठिबकतं का, वाळवी-कसरीसाठी फवारणी कधी करतात, हे विचार. शेजारी कुणाचा माल आहे तेही बघ. मसाले किंवा अगरबत्ती असेल तर चार महिन्यांत कागदाला तो वास लागतो आणि मग काही केल्या जात नाही.

कराराचा कागद वाचताना नुकसानभरपाईचं कलम सर्वांत आधी काढ. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने सर्वसाधारण शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यायची असते. तेवढी घेतल्यावरही माल गेला, तर वेगळा करार नसेल तेव्हा तो जबाबदार राहत नाही. म्हणून आग, पाणी, चोरी यांचा विमा कोण काढणार ते लिहून घे. भरपाई कशावर मोजणार हेही लिहून घे. छापील किंमत धरायची म्हटलं, तर जुन्या पहिल्या आवृत्तीवर तीन रुपये छापलेले असतात! ऑनलाइन लावलेली विक्रीची किंमत धरली जावी, असा आग्रह धर. बिल थकलं तर माल अडवून ठेवण्याचा हक्क अशा करारांत बऱ्याचदा असतो. वादाची रक्कम सोडून बाकीचा माल नेता येईल, अशी मोकळीक माग.

कराचंही बघ. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, दिव्या-भांड्यांवर आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला खरेदीवर क्रेडिट घेतलेलं नसेल तर फक्त फरकावर कर भरण्याची सवलत मिळते: ३०० चा दिवा ५०० ला गेला तर कर २०० वर. त्यासाठी प्रत्येक नगाची खरेदी आणि विक्री जुळवून दाखवता आली पाहिजे, म्हणजे तुझा नगवार क्रमांक गोदामाच्या संगणकातही तसाच राहायला हवा. नोंदणी असेल तर परकं गोदाम धंद्याची जादा जागा म्हणून नोंदवावं लागतं. उद्या कुणी भिवंडीचं गोदाम स्वस्त म्हणून सुचवलं, तर तिथून विक्रीसाठी महाराष्ट्रातली वेगळी नोंदणी लागेल. सीएला विचारल्याशिवाय राज्याबाहेर माल हलवू नकोस.

तुझ्या जागी मी असं करीन. घराजवळ एक कोरडी खोली भाड्याने घ्यायची आणि दुपारचे चार तास एक मदतनीस ठेवायची. फोटो, दोषांची नोंद आणि किंमत यांना तुझ्याशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा नाही. क्रमांकाची चिठ्ठी पानांत घालायची, मुखपृष्ठावर काही चिकटवायचं नाही. गोदामवाल्याला फक्त एकसारख्या प्रतींचा माल द्यायचा; बंद पडलेल्या प्रकाशनाचा गठ्ठा मिळाला होता म्हणालीस, तसा. तोही आधी पाऊस संपेपर्यंत चाचणीपुरता, आणि मधे एकदा अचानक जाऊन नग मोजून यायचं.

करारनाम्याचा मसुदा आला की सही करण्याआधी त्याची प्रत मला पाठव. परतीच्या मालाचं आणि करार मोडण्याच्या मुदतीचं कलम मला नीट बघायचं आहे. गेल्या महिन्यात किती ऑर्डरी गेल्या, किती परत आल्या आणि वर्षाहून जुना माल किती पडून आहे, तो तक्ताही सोबत जोड. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा