क्रेट, कुत्र्याचे पिल्लू आणि कोलकात्याची हवा

नव्या पिल्लाला क्रेटची, म्हणजे तारेच्या जाळीच्या अथवा प्लॅस्टिकच्या दार असलेल्या पेटीची, सवय लावावी असा सल्ला कोलकात्यातील सदनिकांमध्ये आता सर्रास दिला जातो आणि कुत्रा हा मुळात बिळात राहणारा प्राणी असल्याने त्याला बंदिस्त जागा आवडतेच, असे त्याचे समर्थनही केले जाते. या युक्तिवादावर विसंबून ज्या घरांनी पहिल्याच रात्री पिल्लू आत ठेवून कडी लावली, त्या घरांचा अनुभव कडू आहे : पिल्लू रात्रभर किंचाळते, गजांना चावून हिरड्या रक्ताळून घेते आणि पुढे क्रेटच्या दाराची नुसती खिट्टी वाजली तरी पलंगाखाली दडून बसते.

बिळाचा हा दाखला पडताळायला लांब जाण्याचे कारण नाही. कोलकात्याजवळ मोहनपूर येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचे वर्तन अभ्यासतात. व्यायला आलेली कुत्री पिलांसाठी आडोसा कसा निवडते, यावरचा त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला असून माणसांच्या सान्निध्यातील जागेला ती पसंती देते, असा त्याचा निष्कर्ष आहे. अशा आडोशाला दार नसते, आई हवी तेव्हा आत-बाहेर करते आणि पाय फुटले की पिलेही बाहेर पडतात. म्हणजे त्या जागेचा गुण निवारा आणि सोबत हा आहे, कोंडणे हा नव्हे. आणि क्रेटचा उपयोग करायचा तर याच गुणाच्या आधारे करायला हवा.

पिल्लू किती लहान आहे, हा पहिला प्रश्न. बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी भरणाऱ्या बाजारातून किंवा अन्य कोठून पिल्लू आणताना त्याचे वय विचारलेच पाहिजे, कारण २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. त्याहून लवकर आई-भावंडांपासून तोडलेले पिल्लू एकटेपणाला अधिक घाबरते आणि त्याला लघवी धरून ठेवणेही जमत नाही. महिन्यांतील वयात एक मिळवून येईल तितके तास, ही दिवसा लघवी रोखण्याची ढोबळ मर्यादा मानली जाते. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत ती फार तर तीन तास होते, आणि तीही गाठायचीच अशी नव्हे. नोकरीवर जाणाऱ्या घराने सकाळी कडी लावून संध्याकाळी काढली, तर पिल्लू आपल्याच घाणीत बसायला शिकते, आणि ही सवय मोडणे फार कठीण जाते.

क्रेट एवढी असावी की पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावे. प्राण्याला हालचालीपुरती जागा न देणाऱ्या पिंजऱ्यात ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे. सुरुवातीचे काही दिवस दार उघडेच ठेवून जेवणाची वाटी आत सरकवावी. पिल्लू आपण होऊन आत जाऊन आडवे होऊ लागले की ते खात असतानाच दार क्षणभर लोटावे आणि ते कुरकुरण्याआधी उघडावे. आत पाठवण्यापूर्वी गळ्यातला पट्टा काढलाच पाहिजे, कारण पट्ट्याची कडी जाळीत अडकून गळफास बसू शकतो. रात्री क्रेट माणसाच्या अंथरुणाशेजारी ठेवावी आणि पिल्लू मध्यरात्री उठून कण्हू लागले तर दिवा न लावता, न खेळवता त्याला शू करवून परत आणावे. शिक्षा म्हणून मात्र क्रेट एकदाही वापरू नये.

कोलकात्यात सर्वांत मोठा धोका हवेचा आहे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा उडवून शरीर थंड करतो, आणि वैशाख-ज्येष्ठातल्या दमट हवेत हा ओलावा नीट उडतच नाही. त्यामुळे बंद बाल्कनीत ठेवलेली, वरून जाड चादर टाकलेली प्लॅस्टिकची क्रेट दुपारी जीवघेणी ठरू शकते, विशेषतः पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना. येथे जाळीचीच क्रेट घ्यावी, ती पंख्याखाली, गार फरशीवर ठेवावी आणि वीज गेली की दार उघडावे. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली आणि पिल्लू झोकांड्या देऊ लागले, तर अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा व लगेच पशुवैद्याकडे न्यावे.

कालीपूजेच्या रात्री फटाक्यांना घाबरलेले कुत्रे आपण होऊन क्रेटमध्ये शिरले तर त्याला तेथे बसू द्यावे, शेजारी घरातील कोणीतरी बसावे. परंतु दार लावू नये, कारण भेदरलेला प्राणी सुटण्याच्या धडपडीत जाळीवर दात आणि नखे मोडून घेतो.