एडिटिंग सॉफ्टवेअर अडलं? आधी कॉपी, मग दुरुस्ती



प्रॉडक्टचं शूटिंग मोबाईलवर कसं करायचं हे आपण शिकलो. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "सर, एडिटिंग करताना सॉफ्टवेअर अडकलं, प्रोजेक्ट नीट उघडत नाही, काय करू?" आजचा धडा त्यावरच. व्हिडिओ बघितला असेल तरी हा लेख सेव्ह करून ठेवा, कारण ही वेळ सांगून येत नाही.

आधी एक खरा प्रसंग. आमच्या बॅचमधल्या एक ताई घरगुती फराळ विकतात. वसुबारसेच्या आदल्या रात्री दहा वाजता त्यांचा फोन आला. "सर, सगळा व्हिडिओ लाल झालाय! मीडिया ऑफलाईन असं काहीतरी दाखवतंय. मी लाल तुकडे डिलीट करून सेव्ह केलं, आता टाईमलाईनच रिकामी झाली."

झालं होतं एवढंच, की लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून मुलाने शूटिंगचा फोल्डर पेनड्राईव्हवर हलवला होता. पेनड्राईव्ह लावून जागा दाखवली असती तर दहा मिनिटांचं काम. नुकसान सॉफ्टवेअरने केलं नाही, घाबरून घेतलेल्या पुढच्या दोन क्लिकनी केलं. नशिबाने ऑटो-सेव्हच्या फोल्डरमध्ये संध्याकाळची प्रत सापडली आणि व्हिडिओ सकाळी गेला. पण चकली पाडतानाचा शॉट मिळालाच नाही. तो फोल्डरमध्ये कधी उतरवलाच नव्हता, आणि मेमरी कार्ड तर फॉरमॅट करून झालं होतं. ऐन दिवाळीच्या गर्दीत पुन्हा घाणा घालून शूटिंग करण्यात अर्धा दिवस गेला.

प्रोजेक्ट फाईल म्हणजे नेमकं काय?

इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रोजेक्ट फाईलमध्ये तुमचा व्हिडिओ नसतो. ती पाककृतीची वही आहे. कुठला शॉट कुठे कापला, कुठलं गाणं कुठे लावलं आणि ते सामान कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलंय, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. रवा, तूप, साखर कोठीत असते. कोठीतला डबा हलवला तर वही बरोबर असूनही लाडू होत नाही. आणि नुसती वही जपली, कोठी रिकामी केली, तरीही होत नाही. म्हणून जपायच्या गोष्टी दोन: वही आणि सामान.

अडचण आली की पहिली तीन कामं

१. काहीही डिलीट करू नका. घाईने सेव्हही करू नका.
२. सॉफ्टवेअर बंद करा. प्रोजेक्ट फाईलची कॉपी काढा आणि नावात आजची तारीख टाका.
३. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. मूळ फाईलला हात लावू नका.

दा-विंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर प्रोजेक्ट त्याच्या डेटाबेसमध्ये असतो, फोल्डरमध्ये वेगळी फाईल दिसत नाही. तिथे 'एक्सपोर्ट प्रोजेक्ट' करून फाईल बाहेर काढा.

आता लक्षणं बघून इलाज

*लाल स्क्रीन, मीडिया ऑफलाईन:* सामानाची जागा बदलली आहे. फोल्डर हलवला, त्याचं नाव बदललं, किंवा हार्ड डिस्क काल ई ड्राईव्ह होती ती आज एफ झाली. प्रीमियर प्रो मध्ये 'लिंक मीडिया', रिझॉल्व्हमध्ये 'रीलिंक' हा पर्याय घ्या आणि नवी जागा दाखवा.

*प्रोजेक्ट उघडतच नाही:* ऑटो-सेव्हची मागची प्रत उघडा. प्रीमियर प्रो मध्ये ऑटो-सेव्ह नावाचा फोल्डर साधारणपणे प्रोजेक्टच्या शेजारीच असतो. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट बॅकअपचा पर्याय आहे, तो सेटिंगमध्ये सुरू आहे ना ते आजच बघा. तेही जमलं नाही तर नवीन रिकामा प्रोजेक्ट उघडून त्यात जुना इम्पोर्ट करून बघा. बऱ्याचदा काम होतं.

*व्हिडिओ अडखळत चालतो:* फाईल खराबच असेल असं नाही. नवे फोन एच.२६५ प्रकारात रेकॉर्ड करतात. त्यात जागा वाचते, पण जुन्या लॅपटॉपला ते उलगडताना धाप लागते. सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी' तयार करा, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत. आयफोन असेल तर पुढच्या शूटिंगआधी कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमध्ये 'मोस्ट कॉम्पॅटिबल' निवडा.

*ओठ आणि आवाज जुळत नाहीत:* फोन अनेकदा दर सेकंदाला सारख्या फ्रेम घेत नाही, कमी-जास्त करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून क्लिप बदलून घ्या, मग एडिटिंगला घ्या.

*एक्सपोर्ट दर वेळी एकाच ठिकाणी अडकतो:* आधी डिस्कमध्ये जागा आहे का बघा. जागा असेल तर टाईमलाईनवर साधारण त्याच जागेवरची क्लिप किंवा इफेक्ट तपासा. इफेक्ट काढून पुन्हा एक्सपोर्ट करा. चाललं तर चोर सापडला.

*मराठी जोडाक्षरं तुटतात:* प्रीमियर प्रो मध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हा टेक्स्ट पर्याय निवडा, नवीन टेक्स्ट लेयर घ्या आणि युनिकोड फॉन्ट वापरा. दुकानाचं नाव चुकीचं छापलेला व्हिडिओ गिऱ्हाईकाच्या लगेच नजरेत येतो.

*मोबाईलवर एडिटिंग करणाऱ्यांसाठी:* अ‍ॅप बिघडलं की लगेच अनइन्स्टॉल करू नका, आणि 'क्लिअर डेटा' तर अजिबात दाबू नका. अर्धवट प्रोजेक्ट अ‍ॅपच्या पोटातच असतात, ते त्याबरोबर जातात. आधी जेवढं झालंय तेवढं एक्सपोर्ट करून घ्या.

फाईली जपायच्या कशा?

प्रत्येक व्हिडिओसाठी एकच मोठा फोल्डर करा, उदाहरणार्थ 'दिवाळी फराळ'. त्यात पाच छोटे फोल्डर: शूटिंग, आवाज, फोटो-लोगो, प्रोजेक्ट, तयार व्हिडिओ. सगळं सामान आधी इथे उतरवा, मगच सॉफ्टवेअर उघडा. थेट पेनड्राईव्हवरून किंवा डाऊनलोडमधून क्लिप ओढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप मागवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर क्वालिटी घटते.

नंतर ३-२-१ चा नियम. प्रती ३, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली १ घर किंवा दुकानाच्या बाहेर. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी, क्लाऊडवर किंवा भावाच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर तिसरी. गुगलच्या मोफत १५ जीबीमध्ये सगळं शूटिंग मावणार नाही, पण प्रोजेक्ट फाईल, लोगो आणि तयार व्हिडिओ सहज मावतात. पेनड्राईव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जात नसेल तर तो एफएटी३२ प्रकारचा असणार. आतला डेटा दुसरीकडे काढून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

एक लक्षात ठेवा, कॉपी काढली म्हणजे काम संपलं नाही. १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना चुकीच्या कमांडमुळे सिनेमाच्या फाईली धडाधड पुसल्या गेल्या. बॅकअप घेतला जात होता, पण तो नीट चालतच नव्हता, आणि हे तोवर कुणी तपासलं नव्हतं. गॅलिन सुसमन या अधिकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती, तिने वाचवलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, मग आपण तर स्वयंपाकघरातून धंदा करणारी माणसं. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपमधला एक प्रोजेक्ट खरोखर उघडून बघा.

आजचा गृहपाठ

आज फक्त अर्धा तास काढा. ऑटो-सेव्ह सुरू आहे का आणि त्याच्या प्रती कुठे जातात ते शोधा. चालू व्हिडिओचा एक फोल्डर करा. तो पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि तिथून एक क्लिप चालवून बघा. हे होईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

त्या ताईंनी आता मेमरी कार्डाच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे: "दोन जागी उतरवलं का?" तुम्हीही चिकटवा. गिऱ्हाईकाला दिलेली तारीख पाळणं हा आपला धंद्यातला शब्द आहे, आणि तो शब्द या फाईलींवर टेकलेला असतो.

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत शिकत राहा, धंदा वाढवत राहा!