गाडीवर निघालेल्या भाच्याला

बाळा, आता लांबच्या फेऱ्या सुरू होतील. ढाब्यावर कुणीतरी हमखास सांगेल, ‘एचआयव्ही बाईला होतो, आपण गडी, आपल्याला काय होतंय?’ अशा वेळी मामाचं ऐक.

आकडा अर्धवट ऐकू नकोस. एचआयव्ही असलेल्या बाईशी निरोधाशिवाय एकदा संबंध आला, तर पुरुषाला लागण व्हायची शक्यता 10,000 वेळांत साधारण 4 धरतात. गुदमार्गानं असेल तर करणाऱ्याला 11. पण ही झाली सरासरी. समोरच्या माणसाला नुकतीच लागण झाली असेल तर रक्तात विषाणू भरमसाट असतात. त्यात तुला गरमी-परमा किंवा साधी जखम असली, की धोका कितीतरी पटींनी वाढतो. आणि असली गोष्ट एकदाच करून थांबणारा मला तरी भेटलेला नाही.

पुरुषाला लागण होते ती लघवीच्या तोंडातून आणि पुढच्या कातडीच्या आतल्या नाजूक बाजूनं. सुंता झालेल्यांना बाईकडून होणारी लागण सुमारे 60 टक्के कमी होते. कमी होते, टळत नाही. वीर्य बाहेर पाडलं, लगेच धुऊन घेतलं, यानं काही वाचत नाही.

निरोध डॅशबोर्डवर ठेवू नकोस, केबिनच्या उन्हात रबर खराब होतं. कपड्यांच्या बॅगेत ठेव, तारीख बघ. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलंस तर फाटेल. एकावर एक दोन चढवू नकोस.

फाटला किंवा राहूनच गेला, तर लाजत बसू नकोस. सरकारी दवाखान्यात किंवा एआरटी केंद्रात तडक जा. प्रतिबंधक गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. जितक्या लवकर तितकं बरं. पुढं 28 दिवस एकही चुकवायची नाही.

तोंडावरून कुणाचा रोग ओळखता येत नाही. उलट नेमानं औषध घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झालाय, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. म्हणून कुणाला नावं ठेवू नकोस.

तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, आणि 2017 च्या कायद्यानं ती गुप्त ठेवावी लागते. लगेच केलेल्या तपासणीवर विसंबू नकोस; 3 महिन्यांनी पुन्हा कर. शंका असली तर 1097 वर फोन लाव, पैसे पडत नाहीत.

आणि अहवाल हातात येईपर्यंत घरीसुद्धा निरोध वापर. सूनबाईनं तुझ्यावर विश्वास टाकलाय.