कवेलू फेरण्याचे दिवस

मृग नक्षत्र जवळ आले, की आपल्या झाडीपट्टीतील खेड्यांत एक दृश्य हमखास दिसते. घराच्या छपरावर दोन माणसे जपून पावले टाकीत असतात. खाली उभा असलेला कोणीतरी टोपलीतून कवेलू वर पोहोचवीत असतो. वर्षभरात वाऱ्याने सरकलेले, वानरांच्या उड्यांनी फुटलेले कवेलू काढून त्यांच्या जागी धड कवेलू बसविले जातात. याला कवेलू फेरणे म्हणतात. घर तेच, वासे तेच, राहणारी माणसेही तीच. परंतु हे काम एका वर्षी चुकले, तर श्रावणात घरातील धानाचे पोते भिजल्यावाचून राहत नाही.

मुलांनो, आज मी तुम्हांला संगणकाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मग आरंभी हे कवेलू कशाला, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण असे, की संगणकालाही एक छप्पर असते आणि तेही वेळोवेळी फेरावे लागते.

संगणकाचे यंत्र स्वतःहून काहीच करू शकत नाही. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, लिहिलेले जपून ठेवणे, बाहेरून येणाऱ्या कोणाला आत घ्यावे आणि कोणाला घेऊ नये हे ठरविणे, ही सारी कामे एक मूळ आज्ञावली पाहते. तिला कार्यप्रणाली म्हणतात. व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्द रूढ आहे. विंडोज आणि लिनक्स ही अशा प्रणालींची नावे तुमच्या कानांवर आलीच असतील. ही आज्ञावली कोट्यवधी ओळींची असते आणि ती माणसांनीच लिहिलेली असते. म्हणून तीत चुका राहतात. या चुका म्हणजे छपरातील फटी. त्यांतून दुष्ट हेतूने लिहिलेल्या आज्ञावल्या आत शिरतात. फट लक्षात आली, की निर्माते दुरुस्ती पाठवितात. तिला आपण अपडेट म्हणतो. कवेलू फेरणे म्हणतात ते हेच.

परंतु एक दिवस असा येतो, की निर्मातेच जाहीर करतात, ‘या जुन्या प्रणालीची दुरुस्ती आम्ही आता करणार नाही, नवी घ्या.’ गावच्या कुंभाराने कवेलू घडविणे बंद करावे, तशीच ही गोष्ट. छप्पर त्याच दिवशी कोसळत नाही. मात्र त्यानंतर फुटलेल्या प्रत्येक कवेलूची जागा उघडीच राहते. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली आणि जगभर लोकांच्या हातांत बसली. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची दुरुस्ती थांबविली. तरीही असंख्य लोक ती सोडावयास तयार नव्हते. त्या लोकांपैकी मी एक होतो.

त्या वेळी मी वैनगंगेच्या काठच्या एका गावी मुख्याध्यापक होतो. शाळेच्या कार्यालयात एक जुना संगणक होता. आमच्या लिपिकाने तीन वर्षे खपून त्यात दाखल-खारीज नोंदवह्यांची यादी तयार केली होती. शाळेत कधीकाळी शिकलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर मूळ नोंद आहे, हे त्या यादीत होते. कोणी दाखल्यासाठी आले, की दोन मिनिटांत पान सापडत असे. त्या यादीचा मला फार अभिमान होता.

आमच्या शाळेतील गणिताच्या तरुण शिक्षिका एकदा मला म्हणाल्या, “सर, या प्रणालीची दुरुस्ती आता थांबली आहे. आपली यादी नव्या संगणकावर नेऊ या.”

मी म्हणालो, “बाई, चालते आहे ना? मग चालू द्या.”

हे माझे उत्तर केवळ आळसाचे नव्हते. माझ्यापाशी कारणे होती. पहिले कारण सवयीचे. कोणते चित्र कोठे आहे, हे मला डोळे मिटूनही सांगता येई. दुसरे कारण पैशाचे. नवी प्रणाली जुन्या यंत्रावर रखडते, म्हणजे यंत्रही नवे घेणे आले. तिसरे कारण सर्वांत मोठे होते. आमची यादी जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात लिहिलेली होती. त्या टंकात पडद्यावर जो ‘क’ दिसे, तो संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. केवळ त्यावर मराठी आकार चढविलेला असे. तो टंक जेथे नसेल, तेथे सारे लेखन निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन जाई. नव्या संगणकावर यादीची अशीच रांगोळी झाली तर काय करावे, या भीतीने मी जागचा हललो नाही.

२०१६ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. कोणीतरी एक सूचना छापून घेण्यासाठी पेन ड्राइव्ह आणला आणि त्यातून एक विषाणू आमच्या संगणकात शिरला. विषाणू म्हणजे अशीच एक घातक आज्ञावली. दुसऱ्या दिवशी यादी उघडेना. आम्ही तिची दुसरी प्रतही ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातील जंगलातल्या एका गावाहून एक गोंड शेतकरी आला. त्याचे वडील लहानपणी आमच्या शाळेत शिकले होते. परंतु कोणत्या साली, हे त्याला ठाऊक नव्हते. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी जायचे होते आणि जमातीच्या पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा हवा होता. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आम्ही जुन्या नोंदवह्या काढल्या. लिपिक, शिपाई, त्या शिक्षिका आणि मी, सर्वांनी पानामागून पान चाळले. नोंद सापडली, पण तिसऱ्या दिवशी. त्या मुलीचे एक वर्ष गेले. उतारा हातात घेताना तिचा बाप एवढेच म्हणाला, “राहू द्या सर, तुम्ही तरी काय करणार?” त्याचे ते समजूतदार शब्द मला आजही टोचतात, कारण काय करावयास हवे होते, ते मला आधी सांगण्यात आले होते.

आमच्या शाळेत जे लहान प्रमाणात घडले, ते पुढच्याच वर्षी जगाने मोठ्या प्रमाणात पाहिले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची घातक आज्ञावली सुमारे १५० देशांत पसरली. ती संगणकातील सर्व लेखन कुलूपबंद करी आणि ते उघडण्यासाठी खंडणी मागे. इंग्लंडमध्ये अनेक रुग्णालयांचे काम अडले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या रद्द झाल्या. आश्चर्य असे, की ज्या फटीतून ती शिरली, ती बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी निघालेली होती. अनेकांनी ती लावून घेतलीच नव्हती. आणि एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींना तर ती मिळालीच नव्हती. अनर्थ झाल्यावर कंपनीने अपवाद म्हणून त्यांनाही ती दिली.

पुढच्या महिन्यात २७ जून रोजी दुसरी एक घातक आज्ञावली पसरली. पसरण्यासाठी तिने इतर वाटांबरोबर हीच फट वापरली. तिच्यामुळे आपल्या महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. म्हणजे कोण्या दूरच्या संगणकात लागलेली आग रायगड जिल्ह्यापर्यंत पोहोचली. पुढे जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना आदेश दिला, की पैसे देणाऱ्या एटीएम यंत्रांतील एक्सपीसारख्या दुरुस्ती थांबलेल्या प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलाव्यात. आपले छप्पर गळते ते आपल्याच घरात. संगणकाचे छप्पर गळले, तर शेजाऱ्याचे घरही भिजते. हाच या दोहोंतील भेद होय.

म्हणून जे लोक नवी प्रणाली घेण्यास कचरतात, ते सारे अडाणी आहेत, असे मात्र समजू नका. भामरागडचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की त्या गावाचा संपर्क तुटतो. जेथे साधा दूरध्वनी लागण्याची पंचाईत, तेथे नवी प्रणाली उतरवून घेण्यास लागणारे वेगवान इंटरनेट कोठून आणावे? विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तिच्यापुढची विंडोज ११ अनेक जुन्या, पण धडधाकट यंत्रांवर बसतच नाही. चांगले चालणारे यंत्र केवळ त्यासाठी टाकून द्यावे काय, हा प्रश्न रास्त आहे. नवे ते सारे चांगले, असे मी म्हणत नाही.

परंतु अडचण खरी असली, तरी पाऊस थांबत नाही. वाट शोधावीच लागते आणि ती सापडते. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या, विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सच्या प्रणाली आहेत. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ नावाची अशी प्रणाली तयार केली आहे. केरळातील सरकारी शाळांत मुले अशाच मुक्त प्रणालींवर संगणक शिकतात. जेथे इंटरनेट नाही, तेथे तालुक्याच्या गावी प्रणाली उतरवून पेन ड्राइव्हवरून नेता येते.

राहिली ती जुन्या लेखनाची काळजी. ही काळजी मला सर्वांत मोलाची वाटते. फक्त तिच्यातून निघणारा निष्कर्ष मी चुकीचा काढला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे अनेक लोक मोडी लिपीत लिहीत. पुढे ती लिपी व्यवहारातून गेली; पण तिच्यातील असंख्य कागद देवनागरीत उतरविलेच गेले नाहीत. आज आजोबा-पणजोबांचा एखादा कागद हाती आला, तर तो वाचणारा जाणकार शोधत हिंडावे लागते. लिपी बदलली हे दुःख नाही. जुन्यातला मजकूर वेळेवर नव्यात आणला नाही, हे दुःख आहे. संगणकावरही तसेच आहे. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरी होती. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी आज कोणत्याही संगणकावर मराठीच दिसते. जुन्या टंकातील लेखन तिच्यात आणून देणाऱ्या आज्ञावल्याही आहेत. तेव्हा भीतीने जुन्या यंत्राला चिकटून बसण्याऐवजी मी यादी धड असतानाच ती बदलून घ्यावयास हवी होती.

आम्ही पुढे तेच केले, परंतु दुप्पट कष्टाने. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्चून त्या शिक्षिकेने, लिपिकाने आणि मी मूळ वह्यांवरून सारी यादी युनिकोडमध्ये पुन्हा लिहिली. तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. मी आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, त्या शिक्षिकेचा मला दूरध्वनी आला. विंडोज १० ची मुदत संपण्यास महिना उरला होता.

“सर, यादी नव्या प्रणालीवर नेली. एक ओळही इकडची तिकडे झाली नाही,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचे अभिनंदन केले आणि मनाशी म्हटले, आभाळ निरभ्र असते तेव्हाच कवेलू फेरावेत. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढता येत नाही.

शब्दार्थ
कवेलू – छपरावर घालावयाचे मातीचे कौल. कार्यप्रणाली – संगणकाची सर्व कामे चालविणारी मूळ आज्ञावली. टंक – छापील अक्षरांचे वळण, फाँट. दाखल-खारीज नोंदवही – शाळेत आलेल्या व शाळा सोडून गेलेल्या मुलांची नोंद असलेली वही. रास्त – योग्य.

स्वाध्याय
१. कवेलू फेरणे आणि संगणकाची दुरुस्ती यांत लेखकाला कोणते साम्य दिसते? कोणता भेद दिसतो?
२. नवा संगणक न घेण्याची लेखकाची तीन कारणे सांगा. त्यांपैकी कोणते कारण तुम्हांला पटते? का?
३. ‘राहू द्या सर, तुम्ही तरी काय करणार?’ हे शब्द लेखकाला का टोचतात?
४. मोडी लिपीच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगावयाचे आहे?
५. तुमच्या घरातील जुने कागद, छायाचित्रे किंवा वह्या पाहा. त्यांतील काय जपून पुढे न्यावे, याविषयी घरच्या वडीलधाऱ्यांशी बोला आणि दहा ओळी लिहा.