वेबसाइट घेताना आधी ग्रंथपालबाईंना विचारा

आमच्या वाचनालयाची वेबसाइट ड्रुपल ७ वर होती. दिसायला देखणी, पण 'दिवाळी अंक योजनेची नोंदणी सुरू' एवढी ओळ टाकायची तरी ग्रंथपालबाईंना साइट बनवणाऱ्या कंपनीला मेल करावा लागे. कंपनीचा माणूस सवडीने टाकणार, तोवर निम्मी मुदत उलटलेली. पुढे कंपनीने फोन उचलणंच सोडलं, तेव्हा कळलं की डोमेनही त्यांच्याच नावावर आहे. त्यात ५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ ची अधिकृत देखभाल थांबली. त्यापुढच्या आवृत्त्यांची घडण इतकी वेगळी, की साइट जवळपास नव्यानेच उभारावी लागते.

नवा सीएमएस, म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, निवडताना कार्यकारिणीत मी हट्टच धरला, की रोज मजकूर टाकणाऱ्यांनी तो आधी वापरून बघायचा. कंपनीच्या माणसाने दाखवलेला डेमो धरायचा नाही. त्याच्या हातात सगळंच सोपं दिसतं. वर्डप्रेस या सीएमएसचं वापरून बघण्यासाठीचं 'प्लेग्राउंड' ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही. बाई त्यावर बसल्या. नेहमीच्या फाइलमधली सूचना उचलून चिकटवली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला होता. यात सीएमएसचा काही दोष नाही. पण हे करार झाल्यावर निघालं असतं, तर 'नवी साइट मराठी घेतच नाही' म्हणत सगळ्यांनी तिचा नाद सोडला असता. आम्ही आधी युनिकोड टायपिंग शिकवून घेतलं आणि मग वर्डप्रेस घेतलं.

त्यात बाईंना 'संपादक' एवढाच अधिकार दिला. सूचना लिहिणं, प्रसिद्ध करणं, चुकली तर आधीची आवृत्ती परत आणणं, हे सारं त्यातून होतं. थीम किंवा प्लगिनला चुकून हात लागत नाही. काहीतरी बिघडेल ही भीती गेली की माणसं मोकळेपणाने काम करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिकाऊ मदतनिसाला 'योगदानकर्ता' ठेवलं तर तो लिहितो, प्रसिद्ध बाई करतात.

तुम्ही संस्थेसाठी निवडणार असाल, तर कंपनीला वैशिष्ट्यांची यादी मागत बसू नका. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घ्या. बाहेर पडायचं झालं तर सगळा मजकूर आणि फोटो कसे काढून मिळतील, ते करारात लिहून घ्या. अपडेट आणि बॅकअप कोण करणार, त्या माणसाचं नावही तिथेच हवं.