पट्टी, पाणी आणि पाटे

भिलारची स्ट्रॉबेरी पाचगणीवरून पसरणी घाटानं वाईत उतरते आणि तिथून पुण्याच्या मार्केट यार्डात जाते. हंगामात ही वाट रोजची. घरची जुनी डिझेल पिकअप यंदा मनीषानं चालवायला घेतली आहे. तिच्या मामांची उमेदीची सगळी वर्षं याच घाटात जीप आणि टेम्पो चालवण्यात गेली.

मनीषा : मामा, तुम्ही सांगितलं तशी सकाळी ऑइलची पट्टी बघितली. ऑइल काळंकुट्ट आहे! बदलून महिनासुद्धा झाला नाही. गॅरेजवाल्यानं जुनंच ठेवलं असेल का?

मामा : गाडी कुठं उभी होती?

मनीषा : दारातच.

मामा : म्हणजे उतारावर. मग पट्टी खरं कसं सांगेल? ऑइल एका अंगाला गेलेलं असतं. रात्री गाडी सपाटीला लावायची आणि सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बघायचं. पट्टी काढ, फडक्यानं पूस, परत पूर्ण आत घाल आणि मग काढ. दोन खुणांच्या मधे ऑइल पाहिजे. वरच्या खुणेच्याही वर गेलं तर तेही वाईटच.

मनीषा : ते करते. पण काळं का?

मामा : डिझेलचं ऑइल काळंच होतं.

मनीषा : काकांच्या पेट्रोल गाडीचं एवढं काळं दिसत नाही.

मामा : तिथं ठिणगीवर पेट्रोल पेटतं. इथं ठिणगी नाही. नुसती हवा आत घ्यायची आणि पंधरा-वीस पट दाबायची. दाबानं ती एवढी तापते, की नोझलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. पण फवाऱ्यातला थेंब न् थेंब हवेत नीट मिसळत नाही. जिथं मिसळत नाही तिथं काजळी धरते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये येते. ऑइलमध्ये ती धरून ठेवणारं रसायन घातलेलं असतं, म्हणून काजळी इंजिनला चिकटून न बसता ऑइलमध्ये राहते. ऑइलचं ते कामच आहे.

मनीषा : मग खराब झालेलं ओळखायचं कसं?

मामा : रोज बघायचं ते रंगासाठी नाही, पातळीसाठी. रोज कमी होत असेल तर कुठून तरी गळतंय किंवा जळतंय. जळत असेल तर धूर निळसर येतो. न ओतता वाढलं तर जास्त घाबर, कारण आत डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. डिझेल असेल तर पट्टीला वास येतो, पाणी असेल तर ऑइल दुधाळ होतं. तसं दिसलं तर स्टार्टर मारायचाच नाही. आणि बदलायचं ते पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर.

मनीषा : बरं. पाणी मी बघते, रेडिएटरचं.

मामा : काय घालतेस?

मनीषा : बोअरचंच, थोडंसं.

मामा : तिथंच चुकतं सगळ्यांचं! बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, नळ्या बुजतात आणि मग चढाला गाडी तापली की गाडीच्या नावानं ओरडायचं. कूलंट घालायचं, तेही बाटलीवर लिहिलंय तसं शुद्ध पाण्यात मिसळून. आणि गरम इंजिनवर झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल झालं की उसळून तोंडावर येतं. थंड असताना बाहेरच्या डब्यातल्या खुणा बघितल्या की झालं.

मनीषा : हे सगळं पहाटे माल भरायच्या गडबडीत?

मामा : पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. ड्रायव्हर चहा घेईपर्यंत पट्टी, पाणी, हवा बघून, काचा पुसून तयार. अर्धे ड्रायव्हर त्यातूनच घडले. मालकांनी पगार वाचवायला क्लीनर काढला, पण त्याचं काम कुणाला दिलंच नाही. आता ड्रायव्हर चावी फिरवतो आणि निघतो. पाट्याचं एक पान तुटलेलं असलं तरी पत्ता नसतो.

मनीषा : पाटे मी कधी बघितलेच नाहीत.

मामा : मागच्या चाकाजवळ वाकून बघ. एखाद्या पानाला चीर गेली असेल, पान सरकलं असेल तर कळतं. तिथंच चाकाचे नट बघ. नटाभोवती गंजाची ताजी रेघ ओघळलेली असेल तर तो सैल आहे असं समजायचं आणि पान्यानं आवळायचा. गाडीखालच्या जमिनीवर रात्रीचा डाग आहे का, तेही तेव्हाच दिसतं.

मनीषा : हवा मी पंपावर बघते, टायरची.

मामा : पंपापर्यंत जाईतो टायर तापतो, हवा जास्त दाखवतो. घरीच बघायची, थंड टायरला. किती, ते दाराजवळच्या स्टिकरवर असतं. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा, तो बघ. आणि टायर गोटा झालेला चालवायचा नाही, स्टेपनीसुद्धा.

मनीषा : मामा, ते काळं ऑइल बोटाला लागलं तर खरखरीत लागायला नको ना?

मामा : नको. बोटांत चोळलं तर गुळगुळीत पाहिजे. कण लागले, चकाकी दिसली तर आत धातू झिजतोय. आता ऑइल सोड. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू माहीत आहे?

मनीषा : नाही.

मामा : डिझेलपेक्षा पाणी जड, ते फिल्टरच्या तळाशी बसतं. आपल्याकडं पावसाळ्यात हवेतच एवढी ओल, की अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून पाणी सुटतं. म्हणून टाकी संध्याकाळी भरून ठेवायची. पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचंच, तिथं पाणी गेलं की ते घासतात, गंजतात. आठवड्याला, पावसात त्याहून लवकर, खाली पारदर्शक बाटली धरून स्क्रू सैल करायचा. तळाला पाणी दिसलं तर निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडायचं. मग स्क्रू आवळून हातपंप घट्ट लागेपर्यंत मारायचा, नाहीतर गाडी एअर घेते आणि चालूच होत नाही.

मनीषा : डिझेलवरून आठवलं, परवा एक जण सांगत होता, घाट उतरताना इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची, डिझेल वाचतं.

मामा : कोण होता तो? त्याच्या गाडीत पाय ठेवू नकोस! ब्रेकला पायाच्या जोरात भर घालतो तो बूस्टर, आणि बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. डिझेल इंजिनला तो व्हॅक्यूम करायला वेगळा पंप लागतो आणि तो इंजिन फिरलं तरच फिरतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन ब्रेकपुरता साठा उरतो. मग पेडल दगडासारखं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, वाई सातशेच्या. मागं क्रेटची थप्पी घेऊन तेवढं उतरायचं आणि तेही नुसत्या पायाच्या जोरावर? ज्या गिअरमध्ये गाडी चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची. अॅक्सिलरेटर सोडला की गिअरमधल्या गाडीचं डिझेल पंप जवळजवळ तोडतोच. वाचवायचं काय उरलं?

मनीषा : बूस्टर चालतोय हे घरीच कळतं का?

मामा : हो, आणि हे रोज करायचं. इंजिन बंद असताना चार-पाच वेळा पेडल दाब, कडक होईल. मग दाबून धर आणि गाडी चालू कर. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. ब्रेक ऑइलचा डबाही बघ. पातळी उतरत चालली असेल तर पॅड झिजलेत किंवा गळती आहे. ते ऑइल हवेतली ओल ओढतं. जुनं झालं की लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

मनीषा : आणि चालू केल्यावर पेडल खाली गेलंच नाही तर?

मामा : तर क्रेट उतरव. त्या दिवशीचा माल शेजाऱ्याच्या गाडीतून पाठव आणि मेकॅनिकला वर बोलाव. गाडी खाली त्याच्याकडं न्यायची नाही.