बिल आले, पण घराला काय मिळाले?



गरिबाघरी मुले जास्त का? मूल जगेलच याचा भरवसा नाही, म्हातारपणाला दुसरा आधार नाही आणि पोर म्हणजे कामाला दोन हात. मिळकत वाढली की दवाखाना नि शाळा परवडते, मुले जगतात, मग थोडकी पुरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सर्वांत गरीब गटात बाईमागे सरासरी २.६ मुले आढळली, सर्वांत श्रीमंत गटात १.६.

पण नुसत्या पैशाने भागत नाही. बांगलादेश गरीब देश. तरी १९७५ साली तिथे बाईमागे सहावर असलेले प्रमाण २०११ पर्यंत २.३ वर आले. आरोग्यसेविका घरोघर गेल्या, बाळांना लसी मिळाल्या, मुली शाळेत गेल्या.

आपल्याकडे उसाचा हप्ता हातात पडतो. तो सगळा मोटारसायकलीत नि मांडवात गेला, तर गरोदर सून अशक्तच राहणार! म्हणून हप्ता जमा झाला की आधी घरातल्या बाईला विचारा. सुनेची तपासणी, मुलीची फी बाजूला काढा. डेअरीला दूध घालताना तांब्याभर घरच्या पोरांना ठेवा. बाकीचा हिशोब मग.